तारा मुलांनाच जोडू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हयातीच्या दाखल्याचा कागद द्यायला परवा माझ्या जुन्या कॉलेजात गेलो होतो. ऑफिसबाहेरच्या फलकावर कंडम मालाची यादी लावली होती. क्लार्क जेवायला गेलेला, म्हणून उभ्या उभ्या वाचत राहिलो. मोडकी स्टुलं, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, दोन जाडे मॉनिटर आणि भौतिकशास्त्र विभागाच्या रकान्यात ‘डिजिटल मल्टिमीटर, साडेसहा अंकी, नग १. शेरा : चालू स्थितीत, परंतु जुने मॉडेल, संगणकाशी जोडता येत नाही.’

हा मीटर वीसेक वर्षं माझ्या हाताखाली होता. पावसाळ्यात त्याला बुरशी लागू नये म्हणून कपाटात ४० वॅटचा बल्ब चोवीस तास जळत ठेवायचो आणि त्या बल्बवरून विजेच्या बिलाच्या वेळी बोलणीही खायचो. त्याच्या पाठीमागे २४ पिनांचं एक रुंद सॉकेट आहे. ते संगणकाशी जोडण्यासाठीच दिलेलं आहे. ज्यांनी शेरा लिहिला त्यांनी मीटर फिरवून पाठ बघितली नाही, एवढंच. यादीशेजारीच दुसरा कागद होता, ‘संगणकीकृत प्रयोगशाळा’ उभारण्यासाठी दरपत्रकं मागवल्याचा. हे दोन कागद एकाच पुशपिनेने टोचलेले पाहिले आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. म्हणणं एवढंच की यंत्र संगणकाशी जोडायचं काम मुलांनी स्वतः करावं, बंद डब्यातला तयार संच घेऊ नये.

मी प्रयोगशाळा सहाय्यक म्हणून १९८८ साली लागलो. मुलं मला मामा म्हणायची. प्राध्यापक शिकवतात, मामा सामान मांडतो आणि मोडलं की दुरुस्त करतो, अशी कामाची वाटणी. त्यामुळे मी जे लिहितो आहे ते टेबलाच्या खालच्या बाजूने पाहिलेलं आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

त्या २४ पिनांच्या जोडणीला आम्ही जीपीआयबी म्हणतो. ह्युलेट पॅकार्ड कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस ती आपल्या यंत्रांसाठी काढली आणि १९७५ साली आयट्रिपलई ४८८ या नावाने ती सर्वांसाठीचं प्रमाण झाली. केबलचं टोक असं की एकाच्या पाठीवर दुसरं बसतं. संगणक धरून १५ यंत्रं एका माळेत ओवता येतात, मात्र केबलची एकूण लांबी २० मीटरच्या पुढे जाता कामा नये. प्रत्येक यंत्राला ० ते ३० मधला एक पत्ता द्यायचा. एकदा चुकून दोन यंत्रांना २२ हाच पत्ता राहिला आणि दोघं एकाच वेळी बोलायला लागली. संगणकावर जे उमटलं ते बाजारात दोन पाववाल्या पदेरांनी एकदम भोंपू वाजवावेत तसं.

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७६ साली जेम्स ट्रुचार्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नॉवलिन या तिघांनी नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी काढली. सुरुवातीचा त्यांचा धंदा याच जोडणीची कार्डं बनवण्याचा. पुढे १९८६ साली त्यांनी संगणकावरून यंत्रं चालवायचं लॅबव्ह्यू हे सॉफ्टवेअर आणलं, तेही फक्त ॲपलच्या मॅकिंटॉशवर. विंडोजवर यायला १९९२ उजाडलं. आमच्या कॉलेजात यायला आणखी सतराएक वर्षं लागली, पण ते आपलं नेहमीचंच.

लॅबव्ह्यूमध्ये प्रोग्रॅम लिहायचा नसतो, काढायचा असतो. पडद्यावर दोन खिडक्या उघडतात. एकीत यंत्राचं तोंड, म्हणजे बटणं, काटे, आलेख. दुसरीत त्याचं पोट, म्हणजे चौकोनी ठोकळे आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत तारा. अपूर्णांकाची तार नारिंगी, पूर्णांकाची निळी, अक्षरांची गुलाबी आणि हो-नाहीची हिरवी. चुकीच्या जागी चुकीची तार लावली तर ती तुटकी दिसते आणि वर चालवायचा बाण मोडलेला दिसतो.

मी बारावी सायन्स झालेला माणूस. फोंड्यात संध्याकाळचा सी भाषेचा क्लास लावला होता, तो पॉइंटरपाशी आल्यावर सोडला. पण हे चित्र पाहिलं आणि म्हटलं, अरे, हे तर वायरिंग! वायरिंग मला येत होतं. आमच्या एका सरांनी वर्षभराचं लायसन्स आणि यूएसबीला लावायचं जीपीआयबी अडाप्टर मिळवलं होतं. पहिल्या आठवड्यात सर मला शिकवत होते, महिन्याभराने आम्ही दोघं एकमेकांना विचारत होतो.

ठोकळे कुठल्या क्रमाने चालतात, हे मुलांना पटकन कळत नसे. वरून खाली नाही, डावीकडून उजवीकडेही नाही. ज्या ठोकळ्याला लागणारं सगळं त्याच्या तारांमधून येऊन पोचलं, तो चालतो. मी त्यांना देवळातल्या महाप्रसादाच्या रांधणीचं उदाहरण द्यायचो. खतखत्याच्या हंड्यापाशी बसलेला बुवा कोणाच्या हुकमाची वाट बघत नाही. भाज्या चिरून आल्या, तूरडाळ शिजून आली, वाटण आलं, तेफळं ठेचून आली की तो पळी हातात घेतो. वाटण यायचं असेल तर तो थांबतो, पण तोवर पलीकडे नारळ खवणारे थांबत नाहीत. चवथीत घरी माटोळी बांधणाऱ्या पोरांना हे एका मिनिटात कळायचं.

यंत्राशी बोलण्याचे ठोकळे चारच. दार उघडा, सांगा, ऐका, दार बंद करा. मीटरला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘तू कोण?’ त्याची ठरलेली आज्ञा आहे, स्टार आयडीएन क्वेश्चनमार्क. उत्तरात मीटर आपल्या कंपनीचं नाव, मॉडेल आणि आतल्या प्रोग्रॅमची आवृत्ती सांगतो. इतकी वर्षं मुकाट आकडे दाखवणारा तो मीटर पहिल्यांदा आपलं नाव सांगता झाला, तेव्हा सरांनी शिपायाला पाठवून सगळ्यांसाठी मिरची भजी मागवली होती.

पण सगळी यंत्रं इतकी शहाणी नसतात. आमच्याकडे एका भट्टीचा तापमान-कंट्रोलर होता, त्याला मागे ९ पिनांचं सीरियल पोर्ट. ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलेली. वाळपईहून येणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रोजेक्टसाठी त्यावर बसली होती. आज्ञा पाठवली की दहा सेकंद शुकशुकाट आणि मग एरर, उणे १०७ कोटी ३८ लाख ७ हजार ३३९. एवढ्या मोठ्या आकड्याचा अर्थ एवढाच की वाट पाहिली, कोणी बोललं नाही. ती म्हणाली, “मामा, आपलं बोलणं तरी बाहेर जातं का?” मग केबल काढून संगणकाच्या पोर्टात पिन क्रमांक २ आणि ३ एका यू-पिनेने जोडले. २ वर संगणक ऐकतो, ३ वर बोलतो. दोन्ही जोडले की त्याचं बोलणं त्यालाच ऐकू यायला हवं. आलं. म्हणजे संगणक ठीक.

केबलचं टोपण उघडलं. सरळ केबल होती, २ ला २ आणि ३ ला ३. या कंट्रोलरला उलटी हवी होती, नाहीतर दोघंही एकाच तारेवर बोलणार आणि दुसऱ्या तारेवर दोघंही ऐकत बसणार. तिने सोल्डरिंगची कावीय पकडायची ही पहिलीच वेळ. पहिला टाका थंड पडला, राळ लावून दुसरा घातला, तो चकाकला. जोडलं, चालवलं, पुन्हा दहा सेकंद, पुन्हा उणे १०७ कोटी. आता मात्र मीही टेकीला आलो. शेवटी कंट्रोलरच्या पुस्तकात मागच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं की वाक्य संपल्याची खूण त्याला कॅरेज रिटर्न लागते. आम्ही देत होतो लाइन फीड. पाठवताना आणि वाचताना, दोन्हीकडे लाइन फीडच्या १० या संकेतांकाच्या जागी कॅरेज रिटर्नचा १३ केला आणि गुलाबी चौकटीत उमटलं, ‘+०२७.४’. खोलीतलं तापमान. चारची कदंबा बस कधीच गेली होती आणि तिने वडिलांना फोन करून सांगितलं ते भट्टी बोलल्याचं. बस चुकल्याचं त्यांना नंतर सांगितलं.

तयार सॉफ्टवेअरवर ‘स्टार्ट’चं हिरवं बटण दाबणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे काहीच येत नाही.

हाताने रीडिंग घेण्याची सवय यामुळे जाते असं म्हणणारे जुने प्राध्यापक आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. प्रयोग आधी एकदा हातानेच करायला हवा. काट्याकडे बघत बसल्याशिवाय काटा कुठे अडखळतो ते कळत नाही. पण हाताला न दिसणारंही काही असतं. न्यूटनच्या शीतलन नियमाचा प्रयोग आम्ही वर्षानुवर्षं दर अर्ध्या मिनिटाला एक रीडिंग घेऊन केला, वक्ररेषा नेहमी देखणी यायची. लॅबव्ह्यू आलं त्या वर्षी कॅलरीमापीत थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक, एक टोक मोजायच्या जागी आणि दुसरं गार) सोडून तोच मीटर लॅबव्ह्यूला जोडला आणि सेकंदाला एक रीडिंग घेतलं. रेषा खाली उतरत होती, पण तिच्यावर बारीक लाटा होत्या. अगदी नियमित, बारा-तेरा सेकंदांनी एक. सर म्हणाले विजेचा हम. पण तो ५० हर्ट्झचा, म्हणजे २० मिलिसेकंदाचा. मीटर त्याच्या पूर्ण पटीतल्या काळाची सरासरी घेऊन तो पुसून टाकतो. मुलं म्हणाली सॉफ्टवेअरची चूक. दोन बॅचेसनी केलं, लाटा तशाच.

लाट कशाची ते सापडलं तेव्हा मी घाम पुसत उभा होतो. माझ्या तोंडावर वारा आला, गेला, आला, गेला. कोपऱ्यातला उभा पंखा मान हलवत होता. थर्मोकपलचं गार टोक आम्ही बर्फात न ठेवता उघडं टर्मिनलवर सोडलं होतं आणि त्यावरून दर फेरीला वारा जात होता. के जातीच्या थर्मोकपलमध्ये एका अंशाला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट मिळतात. साडेसहा अंकी मीटरला अंशाच्या शंभराव्या भागाची हालचालही कळते. पंखा बंद केला, लाटा गेल्या. त्या दिवशी दुपारी मुलांनी बर्फ आणला आणि गार टोकाला बर्फ का लागतो हे पुन्हा कोणाला सांगावं लागलं नाही. अर्ध्या मिनिटाच्या रीडिंगांत तो पंखा इतकी वर्षं लपून बसला होता!

आणखी एक सांगतो. जर्नलात आकडे शिजवणं ही सगळ्या कॉलेजांतली जुनी पाककला आहे. रीडिंग थेट संगणकाच्या फाइलमध्ये जायला लागल्यावर दोन मुलांच्या फाइली मायक्रोव्होल्टच्या शेवटच्या अंकापर्यंत सारख्या निघाल्या. एकाच मुलाने एकाच वायरीवर दोनदा घेतलं तरी असं होत नाही. सरांनी काही न बोलता दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवून खिडकीशी उजेडात धरले.

आता तक्रार. आमच्या विभागासाठी पुढे एका पुरवठादाराकडून जर्मेनियमच्या फोर-प्रोब प्रयोगाचा ‘कॉम्प्युटराइज्ड’ संच घेतला गेला. किंमत लाखांत. बाहेरच्या दोन सुयांमधून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन सुयांमधलं व्होल्टेज मोजायचं, भट्टी तापवत न्यायची आणि त्यावरून बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, काढायचा, साधारण ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतो. सोबत सीडी. प्रोग्रॅम लॅबव्ह्यूमध्येच बनवलेला होता, पण आम्हाला मिळाली ती नुसती चालवायची फाइल. पोटाची खिडकी मागितली तर ती पासवर्ड लावून बंद. कंट्रोलरला कुठल्या आज्ञा कळतात त्याचा कागद मागितला तर ‘कंपनी सीक्रेट’. मुलांनी खुर्चीवर बसायचं, स्टार्ट दाबायचं, बँड गॅपचा आकडा आयता यायचा. उताराची रेषा कुठून कुठपर्यंत धरली तेही दिसायचं नाही.

दोन वर्षांनी मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्या टेबलावरचा संगणक गेला. नव्या संगणकावर नवी विंडोज. सीडीतला प्रोग्रॅम त्यावर चढेना. पुरवठादाराला फोन केला, तर अपग्रेडचे पैसे वेगळे आणि ते नव्या संचाच्या निम्म्याला भिडणारे. भट्टी धडधाकट, सुया धडधाकट, मीटर धडधाकट. तेव्हापासून संच निळ्या कव्हराखाली आहे. तपासणी पथक यायचं असलं की कव्हर काढायचं, दिवा लावायचा, पथक गेलं की पुन्हा घालायचं. ते कव्हर मी चारदा धुतलं आहे.

आराखडा उघडा असता तर वाळपईच्या त्या मुलीसारख्या दोघींनी आठवड्यात तो नव्या संगणकावर पुन्हा उभा केला असता.

म्हणून फलकावर दरपत्रकाचा जो कागद आहे, त्यात दोन ओळी घाला अशी माझी विनंती आहे. प्रोग्रॅमचा आराखडा पासवर्डशिवाय मिळाला पाहिजे. आणि यंत्राला कळणाऱ्या सगळ्या आज्ञांची छापील यादी संचासोबत आली पाहिजे. या दोन अटी मान्य नसतील तर संच घेऊ नये. राज्यातल्या इतर अनुदानित कॉलेजांनीही हे करावं. पुरवठादार कुरकुरतील, पण ऑर्डरसाठी मान्य करतील. इतकी वर्षं स्टोअरचं रजिस्टर सांभाळलं, त्यावरून सांगतो.

लॅबव्ह्यूच घ्या असा माझा आग्रह नाही. त्याचं लायसन्स कॉलेजला परवडतं का हा प्रश्न आहेच. २०२० पासून त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते, पण ती घरच्या वापरासाठी. पदवी देणाऱ्या संस्थांनी शिकवण्यासाठी वापरायला तिची परवानगी नाही. म्हणजे मुलगा घरी शिकू शकतो, लॅबमध्ये नाही, अशी ही गंमत. शिवाय नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. मुलं घरून पेनड्राइव्हवर काम आणायची आणि आमचा संगणक नकार द्यायचा. २०२३ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी इमर्सनने विकत घेतली, पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक. पायथन फुकट आहे, त्यात पायव्हिसा नावाची जोडणी घेतली की हेच दार उघडा-सांगा-ऐका होतं. दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने एक्सपआइज नावाची छोटी पेटी बनवली आहे, तिचा आराखडाही खुला आहे, साध्या प्रयोगांना ती पुरते. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला चित्राचं सॉफ्टवेअर बरं, कारण चूक डोळ्यांना दिसते. पण कशानेही करा, तारा मुलांनी जोडायच्या.

परीक्षेचंही जरा बघावं. प्रात्यक्षिकात आलेखाला गुण, उत्तराला गुण, जर्नलला गुण, व्हायवाला गुण. बंद पडलेली जोडणी चालू करण्याला शून्य. वर्षातला एक प्रयोग असा ठेवा की टेबलावर एक मीटर, एक केबल आणि पुस्तक. त्याच्याकडून त्याचं नाव वदवून घे आणि शंभर रीडिंग फाइलमध्ये आण. कुंडई किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला लागलेली आमची मुलं भेटली की सांगतात, तिथे पहिल्या महिन्यात हेच करावं लागतं.

आमच्या सरांची बदली झाली, नंतर लायसन्स संपलं, मीही निवृत्त झालो. मीटर कपाटात गेला आणि कपाटातून यादीत. लिलाव अजून झालेला नाही. कॉलेजातल्या कोणी हे पत्र वाचलं तर कृपया तो शेरा खोडावा. जीपीआयबीची केबल स्टोअरच्या डाव्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. यूएसबीचं अडाप्टरही त्यातच. पिना हिरवट झाल्या असतील तर स्पिरिटने पुसाव्यात. पत्ता २२ च आहे, मी बदललेला नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक
फोंडा
(नाव छापू नये ही विनंती.)